माळ्यावरचे बूट

दरवर्षी १ जानेवारीला आमच्या घरात वजन कमी करण्याचा संकल्प सोडला जातो आणि संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर तो विरघळतो. हा क्रम सहा वर्षे नेमाने चालला. मग गेल्या वर्षी तपासणीच्या कागदावर रक्तातल्या साखरेचा आकडा काठावर आला. डॉक्टरांनी विचारले, "वडिलांना मधुमेह होता का?" होता. त्यांच्या पायाची जखम महिनोन् महिने भरत नव्हती आणि पट्टी मीच बदलत असे. त्या दिवसापासून हा विषय आमच्याकडे थट्टेचा राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठलो, तर बूट माळ्यावर! चढायला लागणारे स्टूल शेजाऱ्यांनी नेलेले आणि शेजारी गाढ झोपेत. मी पुन्हा पांघरूण ओढले.

आपले निश्चय असेच मोडतात. मोठ्या मोहामुळे क्वचितच. एरवी माळ्यावरचे बूट, गल्लीतली कुत्री, पावसातला चिखल किंवा "अर्धा कप तरी घ्याच" हा आग्रह पुरेसा होतो. आणि आपण मात्र 'माझ्यात मनोबलच नाही' म्हणून स्वतःला दोष देत बसतो.

जेरी मॉरिस या संशोधकाने लंडनच्या दुमजली बसमधील चालक आणि वाहक यांची तुलना करून १९५३ साली निष्कर्ष मांडले. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिना चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. वाहकांनी कुठला संकल्प सोडला नव्हता. जिना त्यांच्या रोजच्या वाटेतच होता, एवढेच.

मीही वाटच बदलायची ठरवली. बूट रात्रीच दाराशी काढून ठेवू लागलो. पाऊस असला की आमच्याच इमारतीच्या जिन्यावर फेऱ्या. चहाचा हिशेब मांडला, तर चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे आठ चमचे साखर! वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमच्यांच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवले आहे. मी दर पंधरवड्याला अर्धा अर्धा चमचा कमी केला. जिभेला पत्ताही लागला नाही. पाहुणा म्हणून गेलो की "चहा घेतो, पण बिनसाखरेचा" असे सांगतो. चहा नाकारला तर यजमान दुखावतो, साखर नाकारली तर नाही.

गौरीजेवणाच्या दिवशी पुरणपोळी झाली आणि फिरणे बुडाले. पूर्वी एवढ्यावरच सारे संपले असते. पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील २०१० च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचे दिसले. कोणाला फार कमी, तर कोणाला कितीतरी जास्त. पण एखादा दिवस खाडा झाल्याने फारसे बिघडले नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बूट चढवले.

हे सारे मी सौ.ला तोऱ्यात ऐकवले. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "अहो, तुमच्या वाटेतले बूट तुम्ही हलवलेत. माझ्या वाटेत तुमचे डबे आहेत!"

मी निरुत्तर झालो. पहाटेचे दोन तास तिचे ओट्यापाशी जातात आणि रात्री उरलेला भात टाकवत नाही म्हणून तीच संपवते. पोटाचा घेर स्त्रियांनी ८० आणि पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत ठेवावा, असे डॉक्टर आपल्याला सांगतात. पण तो घेर घटवायला लागणारी सकाळ घरात कोणाला मिळते, हे आपण कधी विचारतो का?

आता भाजी मी रात्रीच चिरून ठेवतो आणि सकाळी डबे भरतो. मुलगा दूध आणतो. ती शेजारणीबरोबर पाऊण तास फिरून येते. भात मोजूनच लागतो. उरलाच तर दुपारी फोडणीला जातो आणि सगळे वाटून खातात. वर्षभरात माझे चार किलो उतरले, तिचे तीन. माझा साखरेचा आकडाही थोडा मागे सरला आहे. चमत्कार काही नाही. पण या जानेवारीत संकल्प सोडावा लागला नाही.

आज रविवार आहे, सारे घरी आहेत. आपल्या माळ्यावर काय अडकले आहे ते जरूर पाहा. आणि घरातल्या कोणाच्या वाटेत आपणच तर उभे नाही ना, तेही एकदा पाहा.