मुंगसाने खाल्लेला हप्ता

२०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या जाधवनगरात बिबट्या दिसला तेव्हा सारे सरकार धावले. गोल्फ मैदानाच्या परिसरात शोध चालला, हत्ती आणले, आसपासच्या शाळांना सुटी द्यावी लागली. ते योग्यच होते, माणसाच्या जिवाचा प्रश्न होता. पण खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत भर दुपारी मुंगूस परसात शिरते आणि चार कोंबड्या मारून जाते, तेव्हा कोण धावते? ना पंचनामा, ना बातमी. त्या कोंबड्यांची नोंद एकाच ठिकाणी होते, आमच्या खातेवहीत. हप्ता थकला, एवढीच.

आम्ही बँकेतले साधे कारकून, महिला बचत गटांची कर्जखाती सांभाळतो. मागच्या पावसाळ्यात एक मावशी दोन हप्ते थकवून खिडकीशी आल्या. कारण विचारले तर म्हणाल्या, "साहेब, मुंगसानं हप्ता खाल्ला." रांगेतले लोक हसले. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. नंतर कोऱ्या स्लिपच्या पाठीवर हिशेब मांडला आणि हसू गेले. दहा कोंबड्यांपैकी चार गेल्या. गावठी कोंबडी वर्षाला साठ अंडी देते असे धरले तरी २४० अंडी बुडाली. बारा रुपयांनी २,८८० रुपये. कोंबडीचे मोल चारशे धरले तर आणखी १,६००. एकूण ४,४८० रुपये. कॉमर्सच्या पदवीला हे गणित कठीण नाही, पण कर्ज मंजूर करताना ते कोणी मांडले नव्हते. कर्ज कोंबड्यांना मिळाले, खुराड्याला नाही.

पुढची गोष्ट अधिक वाईट. कोणीतरी सल्ला दिला म्हणून मावशींनी माशाच्या डोक्यात कीटकनाशक घालून कुंपणाशी ठेवले. मुंगूस फिरकलेच नाही, शेजाऱ्याचा कुत्रा मेला. दोन घरांचे बोलणे बंद झाले. त्या परसात लहान मुले खेळतात, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

हे आम्ही कोणाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. असे उपाय आपल्या गावांत सर्रास होतात. विष, फास, डुकरासाठी सोडलेली विजेची तार. यातल्या किती जणांना ठाऊक आहे की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हणजे केवळ बंदूक नव्हे? विष घालणे आणि फास लावणे हीसुद्धा शिकारच. मुंगूस, रानमांजर, कोल्हा हे सारे संरक्षित प्राणी आहेत. आणि रानमांजरासाठी लावलेल्या फासात बिबट्या अडकला तर? पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. चार कोंबड्यांपायी घरचा कर्ता माणूस तुरुंगात जाईल.

शिवाय मुंगूस आपले शत्रूही नाही. उंदीर आणि साप तेच कमी करते. दोष खुराड्याचा आहे. बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला वा कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंच चौकटीची वेल्ड केलेली जाळी हवी, ती जमिनीत फूटभर गाडलेली हवी. तळाला फरशी किंवा चिरा, दाराला नीट कडी, वर कौले असली तरी खाली जाळी. रानमांजर, उदमांजर, कोल्हा रात्री येतात, त्यांना एवढे पुरते. मुंगूस मात्र दिवसा फिरते आणि घार, शिक्रा आभाळातून पिल्ले उचलतात. म्हणून पिल्ले मोठी होईपर्यंत डालग्याखाली ठेवावीत, खुराड्याभोवतीचे झुडूप काढावे. आपल्या आज्या डालग्यावर दगड ठेवीत असत, तो उगाच नव्हे. सांडलेले धान्य रात्री ठेवू नये, कारण धान्यामागे उंदीर आणि उंदरामागे साप येतो. गिरिराजासारखी जड कोंबडी पाळणाऱ्यांनी तर अधिकच जपावे, कारण ती गावठीसारखी झटकन झाडावर चढत नाही.

असे खुराडे आमच्या शेजाऱ्यांनी साडेतीन हजारांत बांधले. म्हणजे मावशींच्या एका दुपारच्या नुकसानीपेक्षा कमी. मग बँका कोंबड्यांच्या कर्जातच खुराड्याची रक्कम का धरत नाहीत? आम्ही आमच्या साहेबांना हे लेखी सुचवले आहे. इतर शाखांतल्या मित्रांनीही सुचवावे.

दुसरी गोष्ट भाषेची. काय करावे, काय करू नये, कोणाला कळवावे, हे सांगणारा जंगलाकाठचा जो फलक आम्ही पाहिला तो फक्त कन्नडमध्ये होता. कन्नड आम्हाला परकी नाही, आमचे निम्मे खातेदार कन्नडच आहेत. पण मावशींना तो वाचता येत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी केंद्राने १९५६ मध्ये जे निवेदन काढले, त्यात जिथे त्यांचे प्रमाण १५ ते २० टक्के आहे अशा भागांत महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असे म्हटले आहे. खानापुरात मराठी माणूस त्याहून कितीतरी अधिक आहे. घटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्कही दिला आहे. तो आपण किती वापरतो? कोंबड्या गेल्या म्हणून कोणी अर्ज केला का, असे आम्ही गटाच्या बैठकीत विचारले. एकही हात वर झाला नाही.

सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा लागेल तेव्हा लागेल. त्यासाठी आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण मराठीचा हक्क परसातही असतो. आपल्या मंडळाने पुढच्या सभेत दोन ठराव करावेत. वनखात्याच्या व पशुसंवर्धन खात्याच्या सूचना मराठीतही मिळाव्यात, हा एक. आणि गावोगावी नुकसानीचे अर्ज मराठीत लिहून द्यायला चार सुशिक्षित तरुण नेमावेत, हा दुसरा. अर्जाचा मसुदा आम्ही करून देऊ, रविवार आमचा मोकळाच असतो.

मावशींनी सहा कोंबड्यांवर हप्ते पुन्हा सुरू केले आहेत. जाळी अजून जुनीच आहे.