गोड गोळी आणि सरकारी शिक्का

ऐन फराळाच्या वेळी औषधाचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. चकल्या-अनारशांनी पोट बिघडले की साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांची बाटली आपल्या किती घरांत निघते! त्या गोळ्यांशी माझे वैर नाही. पोरे त्या हौसेने चघळतात, पोट दोन दिवसांत आपण होऊन सुधारते, आणि श्रेय गोळीला मिळते. माझे भांडण आहे ते सरकारशी.

2014 साली महाराष्ट्राने कायदा बदलला. होमिओपथीच्या पदवीधराने आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केला की त्याला ॲलोपथीची औषधे लिहून देण्याची मुभा! यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. 2025 साली डॉक्टरांनी संपही केला. या भांडणात पोटापाण्याचा प्रश्न दोन्हीकडे आहे, हे मला दिसते. पण त्या धुरळ्यात मूळ प्रश्न विचारतो कोण? या शास्त्राने रोगी बरा होत असेल, तर त्याच्या पदवीधराला दुसऱ्याची औषधे हवीत कशाला? आणि होत नसेल, तर साडेपाच वर्षे पोरांना ते शिकवायचे तरी कशाला?

हानेमानला मी मान देतो. 1796 साली त्याने आपले मत मांडले, तेव्हा युरोपातले वैद्य रोग्याचे रक्त काढीत आणि त्याला पारा चारीत. त्यांच्यापुढे काहीच न करणारे औषध म्हणजे जीवदानच म्हणायचे! पण त्या औषधाचे गणित पाहा. एक थेंब अर्क नव्याण्णव थेंबांत मिसळायचा, त्यातला एक थेंब पुन्हा नव्याण्णवांत. असे तीस वेळा. बाराव्या खेपेच्या सुमारासच मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची शाश्वती राहत नाही. पुढच्या खेपा केवळ धर्मकृत्य! 2015 साली ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सारा पुरावा चाळून सांगितले की, कोणत्याही विकारावर हिचा गुण येतो याला भरवशाचा आधार नाही. फ्रान्सने 2021 पासून तिच्यावरचा सरकारी खर्च बंद केला.

"पण आमच्या काकूंना गुण आला ना!" आला असेल. होमिओपथ तासभर बसवून झोप, स्वप्ने, सुनेचा स्वभाव, सारे विचारतो. आमचे बडे डॉक्टर रिपोर्टातून मान वर करीत नाहीत. ही त्यांची लाजिरवाणी उणीव आहे, आणि ती त्यांनी भरून काढलीच पाहिजे. पण म्हणून साखरेत औषध येत नाही.

सरकार म्हणते, खेड्यात डॉक्टर जात नाहीत, मग करावे काय? वा! म्हणजे खेडुताला एक वर्षाचा डॉक्टर पुरे! मूल तापाने फणफणले असताना ते सर्दीचे की न्यूमोनियाचे, त्याच्या वजनाला कोणते औषध किती द्यायचे, आणि औषध बाजूला ठेवून इस्पितळात केव्हा हलवायचे, हे वॉर्डात रोग्याच्या उशाशी वर्षानुवर्षे शिकावे लागते. चुकीच्या औषधाने जंतू मात्र निर्ढावतात. मंत्र्याच्या नातवाला असा ताप आला, तर मोटार कोणाच्या दाराशी थांबेल?

या पदवीधरांचा मला राग नाही. त्यांना फसवले गेले आहे. ज्यांना आधुनिक वैद्यक करायचे आहे, त्यांना ते पहिल्या यत्तेपासून पुरते शिकवा, आणि खेड्यात जाणाऱ्याला घर द्या, पगार द्या, औषधांनी भरलेले कपाट द्या. तोवर निदान दवाखान्याच्या पाटीवर, मराठीत आणि ठळक अक्षरांत, आत बसलेला माणूस काय शिकला आहे ते लिहायला लावा.