चाळीस दिवसांनंतरची खिडकी



गेल्या आठवड्यात चातुर्मासातल्या प्रवचनांची मोठी फाइल पाठशाळेच्या ग्रुपवर आली. नावाच्या शेवटी ‘आरएआर’. आमच्या डेस्कटॉपवर अजून विंडोज 10 आहे. त्यात झिप फाइल आपोआप उघडते, आरएआर उघडत नाही. त्यासाठी विनरार टाकलेलं होतं. ते उघडलं आणि नेहमीची छोटी खिडकी आली: चाळीस दिवसांची मुदत संपली, लायसन्स विकत घ्या. मी सवयीनं ती बंद केली.

शेजारी लेक बसली होती. “आई, आपण पैसे भरले नाहीत?”

“नाही गं, तरी चालतं ते.”

“पण न दिलेलं घेणं म्हणजे चोरी ना? पाठशाळेत सांगितलंय.”

मला उत्तर सुचलं नाही. अचौर्य अणुव्रत मीच तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं, आणि इकडे ती खिडकी मी सहा वर्षं बंद करत आले होते.

आमचे हे म्हणाले, “कंपनीला चालत नसतं तर त्यांनी ते बंदच पाडलं असतं.” वरवर पटतं. पण वाण्यानं तगादा लावला नाही म्हणून उधारी फिटत नाही. वापरून बघायला चाळीस दिवस दिले, तेवढेच आपले.

मग सरळ मार्ग दोनच. विनरार आवडत असेल तर विकत घ्यावं. स्वतः आरएआर फाइल बनवायची असेल तर ते लागतंच. आम्हाला फक्त आलेल्या फाइली उघडायच्या असतात, म्हणून मी सेव्हन-झिप घेतलं. इगोर पावलोव्ह यांनी ते 1999 मध्ये आणलं. ते घरी आणि ऑफिसातही मोफत आहे, आणि हे मोफत देणं त्यांनी स्वतः लिहून दिलेलं आहे. दोन एमबीहून लहान आहे, आरएआर उघडतं. दिसायला अगदी साधं, पण फाइलवर राइट क्लिक केलं की काम होतं. विंडोज 11 असेल तर त्याचीही गरज नाही. 2023 पासून त्यात आरएआर आणि सेव्हन-झेड फाइली आपोआप उघडतात.

दोन गोष्टी सांभाळा. डाउनलोड मूळ साइटवरूनच करा. भलत्या साइटवरून घेतलं तर सोबत नको ते पाहुणे येतात. आणि नवी आवृत्ती अधूनमधून स्वतः टाका, कारण ही दोन्ही सॉफ्टवेअर आपणहून अपडेट होत नाहीत. विनरारमधली एकोणीस वर्षं जुनी चूक 2019 मध्ये उघड झाली होती. जुनं तसंच ठेवणाऱ्यांना तो धोका राहिलाच.

कोणी म्हणेल, एवढ्याशा खिडकीचं काय घेऊन बसलीस! पण मुलं आपलं पाठांतर ऐकत नाहीत, आपले हात बघतात. प्रवचनं उघडली, लेकीसोबत ऐकली. त्या दिवशी बंद करायला खिडकी नव्हती.