सामान बदलण्याआधी तपासणीची मजुरी द्या

परभणी जिल्ह्यातील कापड व्यापाऱ्याचा धंदा आज पिकअप गाडीवर अवलंबून आहे. 2005 साली टाटांची 'एस' आली, लोकांनी तिला 'छोटा हत्ती' नाव दिले, आणि एस.टी.च्या टपावर गठ्ठे टाकून बाजार करणारे आमच्यासारखे लोक हळूहळू स्वतःच्या गाडीवर आले. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेडचा आठवडी बाजार असो की फेब्रुवारीत भरणारा परभणीचा उरूस, गाडी वेळेवर पोहोचली तरच गल्ल्यात पैसा. म्हणून गाडीच्या विजेच्या बिघाडाबद्दल चार शब्द लिहिणे आम्हास अगत्याचे वाटते.

मागील पावसाळ्यात आमच्या गाडीचे डॅशबोर्डवरील सर्व काटे चालता चालता एकदम खाली पडू लागले. हेडलाइट लावली की डिझेलचा काटाही शून्यावर. एका कारागिराने बॅटरी बदलली. दुसऱ्याने मीटरचा पूर्ण संच बदलला. दोन बाजार बुडाले, मर्ज मात्र कायम! अखेर एका वयस्कर मिस्त्रीने कशालाही पाना न लावता अर्धा तास नुसती तपासणी केली. चासीला जोडलेली अर्थिंगची वायर गंजली होती. त्याने ती सोडवली, पॉलिश पेपरने घासली आणि घट्ट आवळली. गाडी ठीक झाली. मजुरी विचारली तर म्हणाला, "सामान काही लागले नाही, चहापुरते द्या."

आमच्या मते खरा दोष येथेच आहे. आपण सामानाचे पैसे खुशीने देतो, अकलेचे देत नाही. मग कारागीर तपासणीत वेळ का घालवील? त्याचे पोट सामान बदलण्यावरच भरते. चांगला दर्जी आधी माप घेतो, मग कात्री चालवतो. कापड कापल्यावर माप घेऊन काय उपयोग?

गाडीचे माप घेणे कठीण नाही. एकच काटा बिघडला तर दोष बहुधा त्याच्याच वायरीत किंवा सेन्सरमध्ये असतो. डिझेलचा काटा असेल तर टाकीतील फ्लोट पाहावा. सर्व काटे एकदम पडले तर आधी फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंग पाहावे. साध्या मल्टिमीटरवर, गाडी काही तास उभी असल्यास, चांगली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत; त्याहून फार कमी असल्यास पट्टा व डायनामो तपासावा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब समजावे.

फ्यूज उडाला तर तितक्याच अँपिअरचा घालावा. चांदीचा कागद किंवा तार गुंडाळणे म्हणजे कापडाच्या गठ्ठ्याशेजारी निखारा ठेवणे होय. टेप आणि जादा दिव्यांसाठी मूळ वायर सोलून जोड देणे, पंपाच्या जोरदार पाण्याने इंजिन धुणे, ही बिघाडाला दिलेली आमंत्रणेच आहेत. ऑइलचा किंवा इंजिन तापल्याचा लाल दिवा लागल्यास मात्र गाडी लगेच बाजूला घेऊन बंद करावी. बाजार बुडाला तरी चालेल, इंजिन बुडता कामा नये.

1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बी.एस.-6 गाड्यांना स्कॅनर लागतो हे खरे. परंतु स्कॅनरचा कोड दिशा सांगतो, कोणता पार्ट बदलावा ते सांगत नाही. व्होल्टेज कमी असले तरी तो भलत्याच सेन्सरचे नाव घेऊ शकतो.

व्यापारी बांधवांस आमची विनंती अशी की, गाडी दाखवताना तपासणीची मजुरी आधीच ठरवा, सामान लागो अथवा न लागो. तपासणीत काय आढळले ते चिठ्ठीवर लिहून मागा. बदललेले जुने सामान परत घ्या. आणि कारागीर बांधवांनीही तपासणीचा दर दुकानावर लिहून लावावा, त्यात संकोच कसला? आपल्या हुनराची किंमत आपणच सांगितली नाही तर गिऱ्हाईक ती कशी ओळखणार? त्या मिस्त्रीला आम्ही चहाचे नव्हे, अर्ध्या दिवसाच्या मजुरीचे पैसे दिले. दोन बाजारांच्या नुकसानीपुढे ते काहीच नव्हते.