शायर कॉकेशसचा, शाहीर बार्शीचा

मागच्या ईदला बल्लारपूरला घरी होतो. शीरखुर्मा झाला, पाहुणे पांगले, तेव्हा माझा भाचा मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. अकरावीला आहे. ‘मामू, ये सुनो,’ म्हणाला आणि माझ्या कानात इअरफोन कोंबला. गिटारवर एक माणूस गात होता. एक शब्द कळत नव्हता, पण आवाज थेट छातीत उतरत होता. पडद्यावर बर्फाचे डोंगर, जळकी घरं, बंदुका घेतलेली माणसं.

गायकाचं नाव इमाम अलिमसुलतानोव. चेचेन. भाच्याला त्याची हकिकत पाठ होती. कॉकेशसमधला हा माणूस ‘इल्ली’ गायचा. इल्ली म्हणजे चेचेन लोकांची वीरगाथा, आपल्या पोवाड्याची लांबची बहीण म्हणा. डिसेंबर १९९४मध्ये रशियाचं सैन्य चेचेन्यात घुसलं आणि याची गाणी लढणाऱ्यांच्या तोंडी बसली. ऑगस्ट १९९६मध्ये खासाव्युर्तला तह झाला, लढाई थांबली. आणि त्याच नोव्हेंबरात, युद्धातून वाचलेल्या या गायकाला ओडेसा शहरात गोळ्या घालून मारण्यात आलं. वय ३९.

मी भाच्याला विचारलं, ‘अमर शेख माहीत आहे का?’

तो म्हणाला, ‘कौन? कोई क्रिकेटर है क्या?’

मी हसलो नाही, कारण त्याच्या वयाचा असताना मलाही माहीत नव्हतं. मला अमर शेख भेटले ते इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात. १ ऑगस्टला आमच्याकडे अण्णाभाऊ साठे जयंती व्हायची. एका मित्राने भिंतीवर फोटो लावले, त्यात अण्णाभाऊंच्या शेजारी डफ घेतलेला एक माणूस होता. मी नाव विचारलं. मित्राने सांगितलं, आणि वर म्हणाला, ‘तुमचेच आहेत की, आणि तुलाच माहीत नाही?’ ते ‘तुमचेच’ मला बरेच दिवस बोचत राहिलं. तो चिडवत नव्हता. खरंच आश्चर्य वाटलं होतं त्याला.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महबूब हुसेन पटेल, जन्म २० ऑक्टोबर १९१६, सोलापूर जिल्ह्यातली बार्शी. घरी गरिबी. आई मुनेरबी जात्यावरची आणि लोकगीतं गायची, गाण्याचं पहिलं शिक्षण तिच्याकडेच. मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, मग संप आणि तुरुंग. पुढे कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काम, आणि तिथेच ‘अमर शेख’ हे नाव मिळालं. १९४४च्या सुमारास मुंबईत अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभं केलं. लालबाग-परळच्या चाळी, गिरण्यांचे दरवाजे, गावोगावची मैदानं हेच त्यांचं रंगमंच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजावर लाखाच्या सभा उभ्या राहिल्या. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह. आचार्य अत्रे त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हणायचे. २९ ऑगस्ट १९६९ला इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले. वय ५२.

भाच्याला दूर कॉकेशसचा शायर माहीत आहे आणि बार्शीचा शाहीर माहीत नाही, यात त्याचा दोष किती? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून एवढं सांगू शकतो की पुढचा व्हिडिओ कोणता दाखवायचा हे ठरवणाऱ्या यंत्राला बल्लारपूर कुठे आणि बार्शी कुठे याच्याशी देणंघेणं नसतं. माणूस किती वेळ बघत राहील, एवढंच ते मोजतं. बर्फ, आग, हौतात्म्य आणि हृदय पिळवटणारा आवाज असलेला व्हिडिओ माणूस शेवटपर्यंत बघतो. अमर शेखांचं खरखरीत जुनं रेकॉर्डिंग, त्यावर धड नाव नाही, साल नाही, ते खाली कुठेतरी पडून राहतं. मुस्लिम पोराला यंत्र मुस्लिम युद्ध दाखवतं. मुस्लिम पोवाडा त्याच्याकडे नसतोच, कारण आपण तो तिथे ठेवलेलाच नाही.

भाच्याने ते चेचेन गाणं ऐकू नये, असं मला म्हणायचं नाही. उलट नीट ऐकावं, कहाणी पूर्ण ऐकावी. त्या कहाणीत एक असं पान आहे की ते वाचून मी स्वतः गप्प झालो.

१९४१मध्ये हिटलरने सोव्हिएत रशियावर हल्ला केला, आणि इथल्या कम्युनिस्ट पक्षाने युद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हटलं. त्यापायी पक्ष १९४२च्या ‘चले जाव’पासून दूर राहिला. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, मुंबईच्या कामगारांनी तो डोक्यावर घेतला. फॅसिझमविरुद्धची ती गाणी खरी होती, ती गाणाऱ्यांचं काळीज खरं होतं. पण स्टालिनग्राडचा विजय झाला फेब्रुवारी १९४३मध्ये, आणि पुढच्याच वर्षी, २३ फेब्रुवारी १९४४ला, त्याच सोव्हिएत राज्याने जवळजवळ पाच लाख चेचेन आणि इंगुश माणसं गुरांच्या डब्यांत भरून कझाकस्तान-किर्गिझस्तानात हाकलून दिली. लाल सैन्यात लढणाऱ्या चेचेन जवानांनाही सोडलं नाही. हजारो माणसं वाटेत आणि तिथल्या थंडीत मेली. १९५७मध्ये परतायची मुभा मिळाली. अलिमसुलतानोवचा जन्म त्याच वर्षातला.

म्हणजे बघा, इकडे लाल बावटा कलापथक उभं राहत होतं, आणि तिकडे ज्या राज्याचा गौरव आपले शाहीर गात होते, तेच राज्य एका मुस्लिम कौमेला मुळासकट उपटत होतं. परळच्या चाळीत ही बातमी पोचण्याचा प्रश्नच नव्हता. शाहिरांना दोष देता येत नाही. पण आपल्याला आज माहीत आहे, आणि माहीत असून लपवणं बरोबर नाही.

हे मी अमर शेखांना कमी लेखायला सांगत नाही. युद्धात गाणाऱ्या प्रत्येक माणसाला ही जोखीम असते, म्हणून सांगतोय. गायक माणसांसाठी गातो, आणि गाणं कुठल्या तरी झेंड्याच्या हातात जातं. अलिमसुलतानोवचंही तेच झालं. त्याच्या मागे त्याची गाणी प्रत्येकाने आपापल्या कामाला वापरली. आणि आजच्या चेचेन्यात काय आहे? एप्रिल २०२४मध्ये तिथल्या सांस्कृतिक मंत्र्यांनी जाहीर केलं की गाण्याची लय मिनिटाला ८० ते ११६ ठोक्यांच्या आतच असली पाहिजे. मी दिवसभर आकड्यांच्या मर्यादा कोडमध्ये लिहितो. गाण्यावर अशी मर्यादा घातलेली पहिल्यांदा पाहिली. बाहेरचं सैन्य आलं तेव्हा गाणं जिवंत राहिलं, आणि आता आपलेच राज्यकर्ते त्याचे ठोके मोजतायत.

हे आपल्यापासून फार लांबचं आहे असं समजू नका. बल्लारपूरहून पूर्वेकडे निघालं की जंगल लागतं आणि मग गडचिरोली. तिथल्या गोंड-माडिया गावांत ‘रेला’ गातात, लग्नात, सणाला, हातात हात गुंफून. चार दशकं त्या जंगलात बंदुका चालल्या, आणि गाण्यालाही दोन्हीकडून बोलावणं आलं. माओवाद्यांचे कलापथक त्याच चालींवर आपली गाणी बसवायचे, आणि सरकारी जनजागरणाच्या मेळाव्यांतही गाणी-नाच असायचेच. मधे उभ्या असलेल्या माणसाला मात्र आपलं गाणं आपल्या लग्नात म्हणायचं होतं. त्याला कुणी विचारलं नाही.

मग अमर शेखांकडून शिकायचं काय? माझ्या मते एकच गोष्ट, पण मोठी. ते माणसांशी इमान राखून राहिले, सरकारशी नव्हे. मुंबई सरकारने त्यांच्या पथकाच्या तमाशांवर बंदी घातली, तरी ते गात राहिले. संयुक्त महाराष्ट्रासाठी ते सत्तेच्या विरोधात उभे होते. शंभराहून जास्त माणसांनी त्या लढ्यात जीव दिला. आणि १९६२मध्ये चीनशी युद्ध झालं, पक्षात चीनवरून भांडणं चालली होती, तेव्हा हेच अमर शेख देशासाठी गात फिरले. पक्षाने काय म्हटलं यापेक्षा समोरच्या मैदानात बसलेल्या माणसाला काय वाटतंय, हे त्यांना कळत होतं.

इथे मला आपल्या एका सवयीबद्दल बोलायचं आहे. अमर शेखांचं नाव निघालं की आपल्यातले काही लोक लगेच ते प्रमाणपत्रासारखं खिशातून काढतात. ‘बघा, आमच्यातही देशभक्त होते.’ कुणी तरी आपल्याला हिशेब मागतो, आणि आपण घाबरून अमर शेख, अब्दुल हमीद, कलाम अशी नावं मोजून देतो. हे मला पटत नाही. अमर शेख कुणाला काही सिद्ध करायला गात नव्हते. गिरणीच्या संपात तुरुंगात जाणारा, सरकारची बंदी झेलणारा माणूस प्रमाणपत्र मिळवायला निघालेला नसतो. त्यांनी महाराष्ट्र मागितला तो भाड्याने नव्हे, घरच्या माणसाने वाटणी मागावी तसा मागितला. आम्हा विदर्भातल्या लोकांची त्या मागणीशी थोडी कुरकुर आहे, ती वेगळी. पण मागणाऱ्याच्या आवाजात परकेपणा नव्हता. तोच आवाज मला माझ्या भाच्याच्या गळ्यात हवा आहे.

दुसरी अडचण घरातून येते. ‘गाणं-बजावणं आपल्यात चालत नाही,’ आणि ‘तो तर कम्युनिस्ट होता.’ फतवा देण्याइतकं माझं इल्म नाही, देणारही नाही. पण जो मुलगा चेचेन गाणं स्टेटसला ठेवतो त्याला पोवाडा ऐकताना अचानक मसला आठवू नये. आणि मुनेरबी जात्यावर बसून जे गात होती, तेच आपल्या नान्या-दाद्यांनी केलं. माझी नानी हळदीला ढोलक घेऊन बसायची तेव्हा मोहल्ल्यातल्या अर्ध्या बायका अंगणात जमायच्या. तिची गाणी कुणी लिहून घेतली नाहीत. ती गेली, गाणी गेली. राहिला अमर शेखांच्या विचारांचा प्रश्न. त्यांची प्रत्येक भूमिका आपण उचलावी असं कोण म्हणतं? अलिमसुलतानोवच्या बाजूच्या प्रत्येक माणसाची प्रत्येक कृती तरी आपल्याला पटते का?

तिसरं म्हणजे, ही परंपरा एका माणसाची नाही. ‘शाहीर’ हा शब्दच अरबी ‘शाइर’वरून आलेला. म्हणजे शायर आणि शाहीर हे एकाच घरातले दोन भाऊ, एक उर्दूत राहिला, एक मराठीत आला. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठी संतकवी. पेशवाईच्या अखेरचा सगनभाऊ मराठीतला नामवंत शाहीर, आणि मुसलमान. आपण घरात हिंदी-उर्दू बोलतो, रस्त्यावर मराठी, आणि दोन्हीकडे थोडे पाहुणे असल्यासारखे वागतो. खरं तर दोन्ही घरांच्या किल्ल्या आपल्याच खिशात आहेत.

या कहाणीतलं दुखणंही सांगायला हवं. शाहिराचं आयुष्य पोस्टरसारखं नसतं. अमर शेखांच्या कन्या मलिका अमर शेख या मराठीतल्या महत्त्वाच्या कवयित्री. त्यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ वाचा. चळवळीतल्या मोठ्या माणसांच्या घरात राहणाऱ्या बाईच्या वाट्याला काय येतं, ते त्यात आहे. भाच्याच्या व्हिडिओत बाई दिसतच नाही, दिसली तर रडताना. युद्धाच्या गाण्यांबद्दल बोलायचं तर घरी थांबलेल्यांबद्दलही बोलावं लागेल.

आता काय करायचं? मला मोठ्या मागण्या करायच्या नाहीत. मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेखांच्या नावाने अध्यासन आहे, ते त्यांचं काम करतील. आपण आपलं करू. तुमच्या गावातल्या वाचनालयात ‘कलश’ आहे का, विचारा. नसेल तर मागणी नोंदवा. रेकॉर्डिंग सापडलं तर त्यावर नाव, साल, गाणाऱ्याचं गाव नीट लिहून पुढे पाठवा, एवढं केलं तरी यंत्राला ते सापडू लागतं. आणि मोहल्ल्यातल्या सर्वात म्हाताऱ्या बाईजवळ फोन घेऊन बसा. तिला लग्नातलं एक गाणं म्हणायला सांगा.

त्या ईदच्या संध्याकाळी मी भाच्याला अमर शेखांचं एक गाणं ऐकवलं. आवाज फाटका होता, मागे सभेचा गलका. त्याने पूर्ण ऐकलं. मग विचारलं, ‘मामू, इनका घर किधर था बोले?’

‘बार्शी,’ मी म्हटलं.

‘वो तो अपने इधरच है,’ तो म्हणाला.

नकाशावर ते काही जवळ नाही. पण मी त्याला दुरुस्त केलं नाही.