घरच्या घरी शोकेस

आमच्या मुलीला वक्तृत्व स्पर्धेत चषक मिळाला. ठेवायचा कुठे? आई म्हणाली, "खाटेखालच्या लाकडी पेटीत ठेव." पेटी उघडली तर वडिलांच्या रात्रशाळेतल्या वह्यांना वाळवी लागलेली. गिरणीतली पाळी करून त्यांनी गिरवलेली अक्षरे गेली, एका वहीचा पुठ्ठा तेवढा उरला. वडील काही बोलले नाहीत. मी मात्र त्याच दिवशी ठरवले, काचेची शोकेस करायची.

सुताराची मजुरी परवडणारी नव्हती. शेजारच्या काकांकडून करवत, गुण्या व रंधा मागून आणला आणि गॅलरीतच काम मांडले.

हिशेब सांगतो. १९ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा अर्धा तक्ता, म्हणजे ८ बाय २ फूट, पुरतो. त्यातून १० इंच रुंदीच्या दोन पट्ट्या काढाव्यात. प्रत्येक पट्टीतून ३६ इंचांची एक बाजू, ३० इंचांचे छत किंवा तळ आणि साडेअठ्ठावीस इंचांची एक फळी निघते. बेरीज साडेचौऱ्याण्णव, उरलेला दीड इंच करवतीच्या कापासाठी राहतो. फळी फार लांब घेऊ नये. लांबी दुप्पट केली, तर पुस्तके भरल्यावर तिला येणारा बाक सोळापट होतो.

पाठीला ६ मिलिमीटरचे प्लायवूड ठोकण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले की चौकट काटकोनात आहे असे समजावे. मी चूक केली ती काचेची. काच आधीच कापून आणली, चौकट पाव इंच आखूड भरली आणि पैसे वाया गेले. चौकट उभी राहिल्यावरच काचेचे माप घ्यावे. सरकत्या काचेसाठी वरची खाच खालच्या खाचेपेक्षा खोल ठेवावी, म्हणजे काच वर सारून खाली बसवता येते. फळ्या काचेला अडणार नाहीत इतक्या मागे घ्याव्यात. शोकेस पायांवर आणि भिंतीपासून इंचभर दूर ठेवावी. ओल आणि वाळवी भिंतीतूनही येते.

शोकेस तयार झाली. वरच्या कप्प्यात चषक, मधल्यात बाबासाहेबांचे खंड, खाली तो पुठ्ठा. मी कुलूप आणले, तेव्हा वडील प्रथमच बोलले, "कुलूप परत कर. पुस्तकं आम्ही निम्मं आयुष्य लांबूनच पाहिली."

कुलूप परत केले. आता चाळीतली मुले पुस्तके नेतात आणि आमची मुलगी वहीत नोंद ठेवते. ती वही शोकेसमध्येच असते.