बुडालेली मजुरी आणि अर्धवट केमो

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाभोवतीचा फुटपाथ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कॅन्सर म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. केस गेलेला रुग्ण, हातात फाईल, शेजारी गाठोडे. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाने लाखो गरिबांना आधार दिला, हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न आहे तो रुग्णालयाच्या दाराबाहेरचा.

केमोथेरपी एका दिवसात संपत नाही. अनेक रुग्णांना दर २१ दिवसांनी सलाईनमधून औषध चढवतात. आधी मळमळ, उलट्या, तोंडात फोड. भाकरीचा तुकडा गिळवत नाही. पुढच्या आठवड्यात पांढऱ्या पेशी घटतात. तेव्हा ताप आला तर तातडीने दवाखाना गाठावा लागतो. डॉक्टर सांगतात, पाणी उकळून प्या, ताजे शिजवलेले खा, गर्दी टाळा. सार्वजनिक नळावर भांडणाऱ्या, एका खोलीत सहाजण झोपणाऱ्या आमच्या वस्तीत हे पाळायचे कसे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी बसते. रेल्वेच्या स्लीपर डब्यात कर्करुग्णाला भाडे माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. परंतु नाका कामगाराची, मोलकरणीची बुडालेली मजुरी कोणत्या योजनेत बसते? सोबत जाणाऱ्या मुलाचाही रोज बुडतो. मग दोन-तीन डोसांनंतर माणूस गावी परततो आणि लोक म्हणतात, त्याने उपचार सोडले. त्याने सोडले नाहीत, व्यवस्थेने सोडायला लावले! सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. म्हणून उपचारकाळात निर्वाहभत्ता आणि प्रत्येक जिल्ह्यात केमोची सोय ही मागणी म्हणजे भीक नव्हे.

आता थोडे आपल्या घरातले. कॅन्सर शिवल्याने होत नाही, तरी काही घरांत रुग्णाचे ताट वेगळे ठेवतात. विटाळाचे चटके पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या समाजाने आपल्याच माणसाचा विटाळ मानावा? १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी रुग्णांची सेवा करताना प्राण वेचले. प्लेग तर खरोखरच संसर्गाचा होता. काहीजण गाठ लपवून अंगारे-धुपारे करत बसतात. १९५६ साली दीक्षाभूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा आजारपणात गुंडाळून ठेवायच्या नसतात.

प्रत्येक विहार समितीने जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा बाजूला काढावा. त्यातून रुग्णाच्या घरी महिन्याचे धान्य जावे, रक्त देणाऱ्या तरुणांची यादी विहारात लागावी आणि केमोच्या दिवशी सोबत जाणाऱ्याचा रोज भरून द्यावा. शासनाशी लढा चालू राहीलच. तोवर पुढचा डोस चुकता कामा नये.